दोन कार्बोरेटर, दोन कान

नवऱ्याले बायकोचं ऐकू येत नाही, याले आपल्याकडे कोणी आजार म्हणत नाही. म्हणून मले समजायले एवढा उशीर झाला. मी स्वयंपाकघरातून विचारायची, भाजीत मीठ कमी आहे काय, अन् हे पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, हो, उद्या पाहू. मी चिडायची, एखादं भांडं आपटायची अन् पुन्हा कामाले लागायची. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या गल्लीतल्या कोणत्याही बाईले विचारा, ती म्हणेल, हव, आमचे बी असेच आहेत. फरक एवढाच की आमच्या घरची चूल यांच्या कानावर पेटत होती.

आमचे हे जुन्या विलायती गाड्यांचे मिस्त्री. जुन्या म्हणजे लग्नाच्या वरातीत फिरवतात त्या ढोल्या मोटारी नाही. दोन माणसं कशीबशी मावतील अशा, बुटक्या, लांब नाकाच्या, छप्पर उघडणाऱ्या. तिकडे इंग्रजांच्या देशात त्या शौकासाठी बनल्या. इकडे कोण्या राजघराण्यातल्या पोरानं आणल्या, कोण्या साहेबानं जाताना विकून टाकल्या, अन् मग धानाच्या कोठारात, गोठ्यात, जिथं जागा मिळाली तिथं पडून राहिल्या. रायपूर राजधानी झालं, लोकांच्या हातात पैसा खेळायले लागला, तशा त्या गाड्या ताडपत्रीखालून बाहेर निघाल्या. ज्याले त्याले वाटायले लागलं की आपल्या फार्महाऊसवर एक उभी पाहिजे. उभी करणं सोपं आहे. चालवायले गेलं की ती रुसते. पाऊस आला तर रुसते, ऊन लागलं तर रुसते, महिनाभर कोणी विचारलं नाही तर अजूनच रुसते. मग आमच्या घरचा फोन वाजायचा.

अशी गाडी मिस्त्रीकडे येत नाही, मिस्त्रीले तिच्याकडे जावं लागते. तसं आमचं बी दुकान होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा त्याचा समोरचा भाग गेला, अन् जे उरलं त्यात एक स्कूटर सरळ उभी राहीना. यांनी चार दिवस तोंड पाडलं, मग एक जुनी व्हॅन घेतली, मागची सीट काढून फेकली, अन् अख्खं दुकान तिच्यात भरलं. पान्यांच्या पेट्या, जॅक, हवा भरायचा पंप, तेलाचे डबे, माझा प्लास्टिकचा स्टूल अन् जेवणाचा डबा. विलायती गाडीले आपले मिलिमीटरचे पाने चालत नाहीत. तिचे इंची पाने वेगळे, अन् तिच्याहून जुनीचे अजून वेगळे. ते सगळे मले तोंडपाठ झाले. "चार सूत" म्हटलं की अर्ध्या इंचाचा पाना हातात. लग्न झालं तेव्हा मले कोणी म्हटलं असतं की तुझ्या संसारात हे लिहिलं आहे, तर मी त्याले येड्यात काढलं असतं.

व्हॅन बी मीच चालवायची. हे चालवायचे तेव्हा नजर रस्त्यावर अन् सगळं ध्यान इंजिनात. काहीतरी किणकिण वाजून राहिलं, ऐक वं, ऐक, म्हणता म्हणता एकदा यांनी गाडी पुलाच्या कठड्यावर नेली. त्या दिवशी मी म्हटलं, आता खाली उतरा, अन् पन्नाशीत ड्रायव्हिंग शिकली. शिकवणारा पोरगा मले दीदी, दीदी करायचा अन् ब्रेकवर पाय ठेवून बसायचा. माहेरचे हसले. मग काही दिवसांनी तेच म्हणायले लागले, आम्हाले जरा स्टेशनवर सोडून दे.

सुरुवातीले मजा वाटली, खोटं काहून बोलू. रोज नवा रस्ता. अभनपुरची राईस मिल, महासमुंदकडचा बगीचा, कोणाचा फार्म, कोणाचा महाल. पण मजा किती दिवस टिकते? उन्हाळ्यात पत्र्याची व्हॅन तापते, सीटले हात लावता येत नाही. स्टुलावर बसून गुडघे आखडतात. पोळी डब्यात सुकून कडक होते, ती पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. घरी यायचं तर हाताले पेट्रोलचा वास, त्याच हातानं कणीक मळायची. रात्री पाठ टेकली की पाठ म्हणायची, आता कशाले आली? मी थकून गेली होती. एका दिवसात नाही थकली, हळूहळू, कपडा धुऊन धुऊन विरतो तशी.

आमची पोट्टी नागपूरले दिली. एकुलती एक. तिच्या घरी खालच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती, खिडकीतून कडुनिंब दिसायचा. फोनवर मी मराठीत बोलायची, ती हिंदीत. "आई, अब बस भी करो ना। कमरा खाली पड़ा है, आ जाओ।" मी म्हणायची, बाबांले विचार. हे म्हणायचे, काम आहे तोवर नाही. बस, विषय संपला. आमच्या घरी सगळे विषय असेच संपायचे. घर कुठं घ्यायचं, पोट्टीले कोणत्या कॉलेजात घालायचं, व्हॅनले कोणता रंग, सगळं यांनी ठरवलं. तसा माणूस वाईट नाही. हात उचलला नाही, दारू नाही, बांधलेला पगार नाही म्हणून कधी उपाशी ठेवलं नाही. पण विचारायची पद्धतच नाही. त्या खोलीचं मात्र माझ्या मनानं घेतलं. दुपारचं जेवण झाल्यावर पंख्याखाली आडवं व्हायचं, कोणी पाना मागणार नाही. एवढंच मले पाहिजे होतं.

आता ती गाडी सांगते. सिलतऱ्याले एक शेठजी आहेत, लोखंडाचा कारखाना. कारखान्याच्या मागे त्यांचं गेस्ट हाऊस, त्याच्या शेडमध्ये त्यांची हिरवी गाडी. माणूस सभ्य. मले भाभीजी म्हणायचे, यांले दादा. त्यांच्या वडिलांनी ती गाडी घेतली होती अन् चालवता न येताच गेले, म्हणून शेठजींचा तिच्यावर जीव. सिलतऱ्याची हवा मात्र काय सांगू. सकाळी पुसलेली गाडी जेवणाच्या वेळेपर्यंत काळी. नाक शिंकरलं तर रुमाल काळा. तिथून आलं की मी आंघोळ करायची तर पायाशी काळं पाणी वाहायचं.

त्या गाडीले कार्बोरेटर दोन. कार्बोरेटर म्हणजे जिथं हवा अन् पेट्रोल मिसळते ते. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. एकानं जास्त ओढली, एकानं कमी, तर इंजिन लंगडते, एका बैलानं जोर लावावा अन् दुसऱ्यानं अंग चोरावं तसं. ते सारखं करायची यांची रीत त्यांच्या उस्तादांकडून आली होती. उस्ताद कलकत्त्याकडचे, मी त्यांले पाहिलं नाही, पण त्यांचं वाक्य आमच्या घरात देवाच्या आरतीसारखं होतं. दो कार्बोरेटर, दो कान. हातभर लांब रबरी नळी घ्यायची. एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, एक कानात. आत हवा सूं करते. समोरच्या कार्बोरेटरची सूं डाव्या कानानं ऐकायची, मागच्याची उजव्या कानानं, अन् स्क्रू फिरवून दोन्ही सारख्या करायच्या. ज्याचा त्याचा कान बदलायचा नाही. एकाच कानानं दोन्ही ऐकले तर पहिल्याचा आवाज कानात शिल्लक राहतो अन् दुसरा खोटा वाटतो, असं उस्ताद म्हणायचे. आमच्या यांनी जन्मभर कान बदलला नाही. एवढ्या गाड्या त्या नळीवर लावल्या, म्हणजे सुरात आणल्या, अन् लोक म्हणायचे, दादांचा हात लागला की इंजिन घड्याळासारखं चालते.

शेठजींची गाडी यांनी लावली अन् दुसऱ्या दिवशी फोन आला. दादा, लंगडा रही है. पुन्हा गेलो. यांनी पेट्रोल सोडायचे बारीक जेट साफ केले, फिल्टर बदलला, पुन्हा नळी लावली. पुन्हा फोन. सिलतऱ्याची धूळ आहे, हे म्हणाले. मग म्हणाले पेट्रोल खराब. मग म्हणाले स्प्रिंग थकली. पुन्हा पुन्हा त्या काळ्या रस्त्यानं आम्ही जाऊन राहिलो होतो, अन् शेठजी प्रत्येक वेळी चहा पाजायचे, एका शब्दानं बोलायचे नाहीत. तेच यांले लागत होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी स्टुलावर बसून पाहायची. अन् एक दिवस मले दिसलं. मागच्या कार्बोरेटरले यांनी उजव्या कानात नळी घातली, स्क्रू जरासा हलवला, मान डोलावली. मग समोरच्याले डाव्या कानात. कपाळाले आठ्या. स्क्रू फिरवला. अजून फिरवला. इंजिनचा आवाज चढत गेला, मले लांबून समजलं की हे जास्त होऊन राहिलं, पण हे फिरवतच होते. डाव्या कानाले सूं कमी येत होती, म्हणून हे समोरच्याले उघडत होते. गाडीत काही बिघाड नव्हताच. उस्तादांचा नियम पाळून पाळून हे दर वेळी तीच गाडी बिघडवत होते.

मी यांचा डावा कान घरी येऊन पाहायचं ठरवलं. हे पेपर वाचत होते. मी डाव्या बाजूनं गेली अन् रोजच्या आवाजात म्हटलं, शेव आणली आहे, देऊ काय? शेवेच्या नावानं हा माणूस झोपेतून उठतो. मान हलली नाही. मग उजवीकडून गेली, तेच म्हटलं. "दे ना, विचारते काय?" मी शेव दिली. अन् न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. मले किती वर्षांचे राग आठवले. डावीकडून मारलेल्या हाका. पलंगावर मी यांच्या डाव्या बाजूले झोपते. अंधारात जे काही बोलली असेल, ते सगळं भिंतीले बोलली.

कानाच्या डॉक्टरकडे न्यायले यांले पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. मळ साचला आहे, लसणाचं तेल घाल, हेच चालू. शेवटी मीच म्हटलं, माझा कान दुखते, सोबत चला, अन् तिथं यांले खुर्चीत बसवलं. डॉक्टरनं कानाले हेडफोन लावून पुष्कळ आवाज ऐकवले. मग मले म्हणाले, डाव्याची नस जवळजवळ गेली. उजवा बोलणं ऐकते, पण बारीक आवाज त्याच्या बी हातातून सुटून राहिले आहेत. मशीन लावा, बोलण्यापुरती कामाची आहे. नळीतली सूं म्हणजे बारकातला बारीक आवाज, ती येईल काय, हे मी विचारलं नाही. यांनी बी विचारलं नाही. मशीन घेतली. घातली की इंजिनचा आवाज भजे तळल्यासारखा येते म्हणाले, अन् ती कपाटात गेली. हवा मोजायचा एक मीटर मिळते, पोट्टीनं मोबाईलवर दाखवला होता. तिले हे म्हणाले, कान भाड्यानं आणू काय?

दवाखान्यातून परत निघालो. हे समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले, "शेठजीची गाडी एकदा लावून पाहतो. उजव्या कानानं दोन्ही. जमलं तर जमलं. नाही जमलं तर पेटी बंद. नागपूरले जाऊ."

मी गाडी चालवत होती म्हणून बरं, माझं तोंड यांले दिसलं नाही. मले आनंद झाला. नवऱ्याचा कान गेला, जन्मभराचं काम जाऊन राहिलं, अन् मले आनंद झाला, कडुनिंबाची खिडकी दिसली. त्या आनंदाची लाज बी वाटली. पण लाज वाटली म्हणून आनंद काही कमी झाला नाही, जे आहे ते सांगते. त्या रात्री मी पोट्टीले फोन केला. म्हटलं, खोली झाडून ठेव, कदाचित येऊ. तिले एवढी खुशी झाली की ती दोन वाक्यं मराठीत बोलली.

शेठजींकडे गेलो तेव्हा चैत्र लागला होता. ऊन डोक्यावर यायच्या आत काम उरकायचं म्हणून सकाळीच निघालो, तरी शेडचा पत्रा तापलाच. शेठजी कारखान्यात होते, येतो म्हणाले. यांनी इंजिन गरम होऊ दिलं, दोन्ही कार्बोरेटरमधला जोड ढिला केला, नळी काढली. उस्तादांचा नियम मोडायचा म्हणून असेल, नळी कपाळाले लावली. मग उजव्या कानात घालून आधी मागचा ऐकला, मग वाकून, मान तिरपी करून, समोरचा. पुन्हा मागचा. पुन्हा समोरचा. घाम हनुवटीवरून मडगार्डवर पडत होता. स्क्रू हलवायचे, परत आणायचे. चेहरा असा झाला होता की जसं अंधारात चाचपून राहिले आहेत. इंजिन लंगडतच होतं. मले स्टुलावरून ऐकू येत होतं, यांले नाही.

मी मनात म्हटलं, झालं. आता पेटी बंद होईल. सामान कोणतं न्यायचं, गॅसचं काय करायचं, पापडाचे डबे कोणाले द्यायचे, इथपर्यंत मन पोचलं.

हे सरळ उभे राहिले. कमरेवर हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग नळी माझ्यापुढे धरली.

"तू ऐक," म्हणाले.

मी म्हटलं, मले काय समजते त्यातलं. यांनी ऐकलं नाही, का ऐकून सोडून दिलं, माहीत नाही. खुणा सांगितल्या. तळहात वर केला की वाढव, खाली केला की कमी, मूठ मिटली की बस, सारखं झालं. हे पेचकस घेऊन वाकले, नजर माझ्या हातावर.

मी नळी कानात घातली. आधी नुसता गोंगाट. मग त्यातून ती निघाली, सूं, बारीक, ओली, जशी दाराच्या फटीतून हवा येते. मागची ऐकली. मग समोरची. समोरची मोठी होती, खरबरीत होती, लहान पोरालेही समजलं असतं. एवढी वर्षं जवळ बसून मी इंजिन पोटानं ऐकत होती, आता कानानं ऐकलं. तळहात खाली केला. यांनी स्क्रू जरा कमी केला. अजून खाली. अजून.

अन् तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आता मी कुठंही मूठ मिटू शकते. इथं बी मिटली तरी यांले कळणार नाही. हे जोड घट्ट करतील, शेठजी येतील, गाडी चालवतील, गाडी लंगडेल, अन् पेटी बंद. कोणी मले काही म्हणणार नाही. माझ्या गुडघ्यांची शपथ, एक क्षण माझी बोटं वळली बी. कडुनिंब एवढा जवळ होता.

पण कानात ती सूं चालूच होती, अजून जराशी खरबरीत, अन् ती तशी असताना माझी मूठ मिटेना. असं समजू नका की मले यांची दया आली, का शेठजींची, का गाडीची. दया आली असती तर मी त्या दयेले समजावलं असतं. पोळी कच्ची असताना तव्यावरून उतरवता येत नाही, हात आपोआप थांबते, तसा थांबला. मी तळहात अजून खाली केला. मग एका जागी, समोरची अन् मागची, नळी इकडून तिकडे नेली तरी फरक नाही. एकच सूं. मी मूठ मिटली.

यांनी जोड घट्ट केला. इंजिन एका सुरात आलं. मडगार्डवर ठेवलेल्या स्टीलच्या ग्लासातलं पाणी हलायचं थांबलं. यांले ते दिसलं. ऐकू आलं नाही, पण ग्लास दिसला. यांनी डोळे पुसले, घाम पुसावा तसे.

शेठजी आले, गाडी घेऊन फाटकाबाहेर गेले अन् मोठा चक्कर मारून आले तेव्हा पोराटोरासारखे हसत होते. दादा, आज तो कमाल कर दिया. यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शेठजींले वाटलं, बायकोचं कौतुक करून राहिले. त्यांनी तिथल्या तिथं अभनपुरच्या एका मिलवाल्याले फोन लावला, त्याच्याकडे बी दोन कार्बोरेटरची एक पडून होती. मग अजून एकाले. हे मान डोलावत होते, हव, येतो ना, येतो. मी पाने पुसून पेटीत ठेवून राहिली होती. प्रत्येक पाना जड लागत होता.

परतीच्या रस्त्यावर हे बोलतच होते. मिलवाल्याची गाडी आधी, मग दुसरी. नळी नवी घ्यावी लागेल, तुझ्या कानाले जरा बारीक पाहिजे. तुझ्यासाठी चांगला स्टूल घेऊ, पाठ असलेला. ट्रकमागून ट्रक जात होते, मी स्टिअरिंग धरून होती, अन् मले असं वाटलं की आता नाही सांगितलं तर कधीच नाही. मी गाडी बाजूले घेतली, बंद केली. यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं, ओठ दिसले पाहिजे म्हणून.

"मी थकली आहे," म्हटलं. "मले नागपूरले जायचं होतं."

यांले नवल वाटलं नाही. "माहीत आहे मले," म्हणाले. "कधीपासून माहीत आहे. म्हणून तर नळी तुझ्या हातात दिली. तू भलत्या जागी मूठ मिटली असती तर मी पेटी बंद केली असती. एक शब्द बोललो नसतो."

"मग तसं सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू माझ्याकडे पाहून मिटली असती," हे म्हणाले. "मले तुझं उत्तर पाहिजे होतं."

मले एवढा राग आला की मी यांची हनुवटी सोडून दिली. जन्मभर सगळं या माणसानं ठरवलं. मले एकदा विचारलं, अन् ते बी न सांगता विचारलं, अन् मी उत्तर देऊन बसली. अन् राग आला तरी हे बी समजत होतं की उत्तर खोटं नव्हतं. यांनी मले फसवलं असतं तर किती सोपं झालं असतं.

पोट्टी वाट पाहत असेल, मी म्हटलं. फोन मी नाही करत, तुम्ही करा. यांनी फोन लावला, उजव्या कानाले धरला. पोट्टी तिकडून बोलून राहिली होती, तिचा आवाज बाहेर मले येत होता, ट्रकांच्या आवाजात यांले येत नव्हता. हे हॅलो, हॅलो करत राहिले. मग काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला.

"क्या हुआ आई?" पोट्टी म्हणाली. "बाबा नहीं माने ना?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्या ओठांकडे पाहत होते.

"बाबांनी मानलं होतं," मी म्हटलं. "मीच नाही म्हटलं."

तिनं विचारलं, क्यों? मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवून राहिला होता, तर मी फोन ठेवला अन् गाडी काढली.